द्रावणाची तीव्रता कशी मोजावी

द्राक्षांवर केवडा पडूं नये म्हणून मोरचूद व चुना यांचें मिश्रण फवारणें, भाताचें किंवा बाजरीचें बीं मिठाच्या पाण्यांतून काढणें, जस्ताच्या उणिवेनें पिवळ्या पडलेल्या पिकावर जस्ताचें सल्फेट शिंपडणें, ठिबकाच्या नळ्यांतून खत सोडणें, हीं कामें वरवर पाहतां परस्परांहून अगदीं निराळीं दिसतात. परंतु त्या सर्वांचें यश एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे पाण्यांत घातलेल्या पदार्थाचें त्या पाण्याशीं असलेलें प्रमाण. यासच द्रावणाची तीव्रता म्हणतात. ती कमी पडली तर औषध व मजुरी दोन्ही वायां जातात. अधिक झाली तर पाला करपतो, मोहोर गळतो, आणि एका सकाळींत वर्षाची मेहनत पाण्यांत जाते. असें असूनही आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं तीव्रता मोजण्याचीं साधनें म्हणजे औषधाच्या बाटलीचें झांकण, आगपेटी आणि अंदाज हींच असतात.

तीव्रता डोळ्यांस दिसत नाहीं, ही यांतील खरी अडचण होय. आपण मोजतों तें नेहमीं दुसरेंच कांहीं तरी असतें: पदार्थाचें वजन, एखाद्या वस्तूचें तरणें, प्रकाशाचें वांकणें, विजेचें वहन, किंवा कागदाच्या रंगाचा पालट. त्यावरून तीव्रता अनुमानानें काढावयाची असते. सबब कोणतें साधन प्रत्यक्षांत काय मोजतें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास चांगलें महाग यंत्रही फसवूं शकतें. आणि ज्यास ठाऊक आहे त्याचें काम पुष्कळदां एका चाकूच्या पात्यावर भागतें.

प्रथम शेंकडा एक म्हणजे काय तें पाहूं. शंभर लिटर तयार द्रावणांत एक किलो पदार्थ असला म्हणजे तें शेंकडा एक. एक लिटर पाण्याचें वजन सुमारें एक किलो असल्यामुळें पातळ द्रावणांत वजन व माप यांचा मेळ सहज बसतो. शंभर लिटर पाण्यांत एक किलो पदार्थ घातला काय, किंवा एक किलो पदार्थावर शंभर लिटर होईतों पाणी ओतलें काय, फरक उपेक्षणीय असतो. दाट द्रावणांत मात्र तसें नाहीं. दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ घातलें म्हणजे वीस टक्के द्रावण झालें असें सर्रास म्हटलें जातें. प्रत्यक्षांत एकंदर वजन बारा किलो झालें व त्यांत मीठ दोन किलो. म्हणजे वजनानें तें शेंकडा साडेसोळाच्या थोडें वर भरतें. मापानें पाहिलें तर द्रावण दहा लिटर न राहतां सुमारें १०.७ लिटर होतें, म्हणजे दर शंभर लिटरांत पावणेएकोणीस किलोंच्या जवळपास मीठ आलें. या तीन आंकड्यांपैकीं एकही खोटा नाहीं. परंतु कोणत्या अर्थानें बोलतों हें सांगितलें नाहीं तर तीन माणसें तीन निरनिराळीं द्रावणें करतील. शेतकी शिफारशींत बहुधा ‘इतक्या लिटर पाण्यांत इतके ग्रॅम’ असें स्पष्ट लिहिलेलें असतें. तसें असेल तेव्हां तेंच शब्दशः पाळावें, शेंकड्याच्या मागें लागूं नये.

मापांच्या घोटाळ्याची आणखी एक जुनी गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. बोर्डो मिश्रणाच्या जुन्या पुस्तकांत ‘पांच-पांच-पन्नास’ असें सूत्र आढळतें. पांच पौंड मोरचूद, पांच पौंड चुना व पन्नास गॅलन पाणी. इंग्रजी गॅलनभर पाण्याचें वजन दहा पौंड, म्हणून पन्नास गॅलन म्हणजे पांचशें पौंड, आणि मिश्रण बरोबर शेंकडा एक. परंतु अमेरिकेचा गॅलन लहान आहे. त्यांतील पाणी सुमारें आठ पौंड व पौंडाचा एकतृतीयांश इतकेंच भरतें. तेंच सूत्र अमेरिकन गॅलनानें केलें तर मिश्रण शेंकडा एक व एकपंचमांश होतें. नांव एक, वस्तु दोन. आपल्याकडेही १९५६ च्या कायद्यानें किलो व लिटर रूढ होण्यापूर्वीं शेर हें वजनाचेंही नांव होतें आणि मापाचेंही. ‘शेरभर’ म्हणजे तोललेलें कीं मापलेलें, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवच्या रीतीप्रमाणें ठरवावें. हल्लीं तो घोळ उरला नाहीं. त्याच्या जागीं झांकण आलें आहे. भुकटी सैल भरली कीं ठोकून भरली यावर एकाच झांकणांत मावणारें वजन पुष्कळ बदलतें. घन पदार्थ तोलावा व द्रव मापावा, आणि त्यासाठीं ग्रॅम दाखविणारा लहान कांटा व मिलिलिटरच्या खुणांची कांचेची किंवा प्लॅस्टिकची नळी घरांत असावी. या दोन वस्तूंचा खर्च एका फुकट गेलेल्या फवारणीहून अधिक नाहीं. पिंपासही खूण हवी. ज्यास आपण २०० लिटरचें पीप म्हणतों तें कांठोकांठ भरलें तर त्यांत २०० हून अधिक लिटर मावतात. म्हणून मोजून पाणी ओतून आंतल्या बाजूस एकदांच पक्की रेघ मारून ठेवावी.

आतां मोरचुदाचेंच उदाहरण घेऊन पुढें जाऊं. कारण तीव्रतेचे बहुतेक सर्व प्रश्न त्यांत एकत्र सांपडतात. १८८२ सालीं फ्रान्सच्या मेदॉक प्रांतांत मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञास असें आढळलें कीं, वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडला होता त्या वेलींची पानें केवड्यापासून बचावलीं होतीं. पुढें १८८५ सालीं त्यानें जी कृति प्रसिद्ध केली तींत शंभर लिटर पाण्यास आठ किलो मोरचूद होता व वर तीस लिटर पाण्यांत पंधरा किलो चुना. एवढें दाट मिश्रण फवारण्यापेक्षां सारवण्याच्याच कामीं यावें! पुढील अनुभवानें तें उतरत उतरत शेंकडा एकवर आलें. म्हणजे तीव्रता ही कांहीं आकाशांतून पडलेली संख्या नव्हे. बुरशी मरावी पण पान जगावें, या दोन मर्यादांच्या मधली ती जागा आहे.

शेंकडा एक बोर्डो मिश्रणांत शेंकडा एक तांबें असतें असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. मोरचुदाच्या खड्यांत तांब्याबरोबर गंधकाचा अंश असतो व स्फटिकांत बांधलेलें पाणीही असतें. शुद्ध मोरचुदांत तांबें वजनाच्या चौथ्या हिश्शाहून किंचितच जास्त. अर्थात् शेंकडा एक मिश्रणांत तांबें शेंकडा पाव भरतें. पदार्थाचें वजन आणि त्यांतील कामाच्या अंशाचें वजन, हा भेद सर्वत्र लक्षांत ठेवावा. बाजारांत जस्ताचें सल्फेट दोन जातींचें मिळतें. एकाच्या पिशवीवर जस्त शेंकडा २१ व दुसऱ्याच्या पिशवीवर शेंकडा ३३ असें छापलेलें असतें. दुकानदारानें या वर्षीं दुसरी जात दिली आणि शेतकऱ्यानें मागल्या वर्षींचेंच वजन घातलें, तर पानांवर दीडपटीहून अधिक जस्त पडेल. येथें तराजू अगदीं बरोबर, माप अगदीं बरोबर, आणि द्रावण चुकीचें. पिशवीवरील आंकडा वाचल्यावांचून पिशवी फोडूं नये.

चुन्याची गोष्ट याहून अवघड आहे. कारण त्याच्या पोत्यावरील आंकड्यावर पुढें विसंबतां येत नाहीं. भट्टींतून ताजा निघालेला कळीचा चुना उत्तम. पण तो उघडा राहिला कीं हवेंतील ओल घेऊन फुटतो, आणि पुढें हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. चुनखडी पांढरी दिसते, पाण्यांत कालवली तर दुधासारखी होते, परंतु मोरचुदाचा दाह मोडण्याचें काम ती नीट करीत नाहीं. हिशेबानें पाहिलें तर मोरचुदाच्या पाव वजनाहूनही कमी शुद्ध कळीचा चुना त्यास पुरा पडतो. तरीही आपण बरोबरीनें घालतों याचें एक कारण असें कीं, बाजारच्या चुन्यांत जिवंत चुना किती उरला आहे याची खात्री नसते.

येथें तोलण्यानें काम भागत नाहीं, म्हणून परीक्षा करावी लागते, आणि ती अशी. चाकूचें पातें किंवा लोखंडी खिळा घांसून लख्ख करावा व तयार मिश्रणांत मिनिटभर धरावा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस पूट दिसलें तर मिश्रणांत मोकळें तांबें शिल्लक आहे; तें पान जाळील. चुन्याचें पाणी थोडें थोडें घालून ढवळावें व पातें पुन्हा पाहावें. पूट येईनासें झालें म्हणजे मिश्रण फवारण्यास योग्य. निळा लिटमस कागद बुडवून तो तांबडा होत नाहीं हेंही पाहतां येतें. पात्यावर काय घडतें तें समजून घेतलें तर आणखी एका नियमाचा उलगडा होतो. पाण्यांतील तांबें लोखंडावर बसतें आणि त्याच्या मोबदल्यांत लोखंड पाण्यांत उतरतें. चाकूवर जें मिनिटांत घडतें तेंच लोखंडी बादलींत रात्रभर घडत राहतें. बादली झिजते आणि द्रावण आपोआप पातळ होतें. एरवीं कितीही काळजीनें तोललेला मोरचूद अशा भांड्यांत ठेवला तर सकाळीं त्याची तीव्रता कोणीच सांगूं शकणार नाहीं. म्हणून मातीचें, लांकडी किंवा प्लॅस्टिकचें भांडें घ्यावें. मोरचुदाचें व चुन्याचें पाणी प्रत्येकीं अर्ध्या मापांत वेगवेगळें करून मग एकत्र करावें, आणि तयार झालेलें मिश्रण त्याच दिवशीं संपवावें.

जुने बागाईतदार मोरचुदाचे खडे फडक्यांत बांधून पाण्याच्या वरच्या थरांत लोंबते ठेवतात. खडे तळाशीं टाकले तर विरघळण्यास फार वेळ लागतो, लोंबते ठेवले तर लवकर विरघळतात. कारण असें कीं, मोरचूद मिसळलेलें पाणी साध्या पाण्याहून जड होतें व खालीं उतरतें, आणि खड्यांस पुन्हा ताजें पाणी मिळतें. परंतु यांतच एक सावधगिरीही आहे. असें द्रावण ढवळलें नाहीं तर तळाशीं दाट व वर पातळ राहतें. बोर्डो मिश्रण व पाण्यांत मिसळणाऱ्या भुकट्या हीं तर खरीं द्रावणेंही नव्हेत. बारीक कण पाण्यांत नुसते तरंगत असतात. पिंपांत हालचाल नसली तर पहिल्या पंपांत एक तीव्रता व शेवटच्या पंपांत दुसरी, आणि दोष मात्र औषधास.

फार थोड्या पदार्थाचें द्रावण करावयाचें असेल तेव्हां शेंकडा हें माप मोठें पडतें. मग दशलक्षांश, म्हणजे बोलण्यांतील ‘पीपीएम’, योजतात. एक लिटर पाण्यांत एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. हजार लिटरांत एक ग्रॅम म्हणजेही तेंच. शेंकडा एक म्हणजे दहा हजार पीपीएम. द्राक्षाच्या घडांवर जिबरेलिक आम्ल, ज्यास बागाईतदार जी. ए. म्हणतात, दहा-पंधरा पीपीएम इतकें देतात. दहा पीपीएमचें दहा लिटर द्रावण करावयाचें तर पदार्थ लागेल एक दशांश ग्रॅम. इतकें वजन शेतावरील कोणत्याही कांट्यास नीट कळणार नाहीं. यावर उपाय टप्प्यांचा. एक ग्रॅम पदार्थ प्रथम थोड्या स्पिरिटमध्यें विरघळवावा, कारण पाण्यांत तो लवकर विरघळत नाहीं. मग पाणी घालून बरोबर एक लिटर करावें. हें मूळ द्रावण हजार पीपीएमचें झालें. यांतील शंभर मिलिलिटर घेऊन दहा लिटर केले कीं तीव्रता शंभरपट कमी होऊन दहा पीपीएम आली. जें वजन तोलतां येत नव्हतें तें आतां नळीनें मापतां आलें. यांतील नियम एवढाच कीं, पाणी वाढविल्यानें आंतील पदार्थ वाढत वा घटत नाहीं. म्हणून आरंभींची तीव्रता गुणिले तिचें माप हें शेवटची तीव्रता गुणिले तिचें माप याबरोबर असलेंच पाहिजे. चारांपैकीं तीन संख्या ठाऊक असल्या म्हणजे चौथी पाटीवर निघते. मात्र डब्यावर पदार्थाची शुद्धता शेंकडा ९० लिहिली असेल तर एक ग्रॅमऐवजीं १.११ ग्रॅम घ्यावें.

आतांपर्यंत द्रावण आपण स्वतः करीत होतों. तयार द्रावण समोर आलें व त्याची तीव्रता विचारली तर काय करावें? येथें तरण्याची परीक्षा उपयोगी पडते. मिठाचें पाणी करतांना त्यांत अंडें सोडण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. ताजें अंडें साध्या पाण्यांत बुडतें. मीठ वाढवीत गेलें तर वजनानें शेंकडा ११-१२ च्या सुमारास तें तरूं लागतें, कारण तेव्हां पाणी अंड्याइतकेंच जड होतें. पण अंडें ताजेंच पाहिजे. तें जसजसें शिळें होतें तसतशी आंतील हवेची जागा वाढते, तें हलकें पडतें आणि कमी मिठांतही तरूं लागतें. आठवड्यापूर्वींच्या अंड्यावर विसंबणारा मनुष्य पातळ पाण्यास दाट समजेल.

बियांच्या निवडीसाठीं ही परीक्षा फार मोलाची आहे. जपानांत १८८२ सालीं योकोई तोकियोशी यांनीं फुकुओका येथें भाताचें बीं मिठाच्या पाण्यांतून निवडण्याची रीत बसविली; त्यांच्या पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.१३ होतें. आपल्याकडे भातासाठीं दहा लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ सांगतात. हें पाणी फारच सौम्य असल्यामुळें पोंचट व रोगट हलके दाणे तेवढे वर येतात. जपानी पाण्यांत निवड पुष्कळ कडक होते. बाजरीचें तसें नाहीं. अरगट रोगाच्या काळसर गांठी बियाण्यांत मिसळलेल्या असतात आणि त्या वर आणण्यास दाट पाणी लागतें. म्हणून दहा लिटरांस दोन किलो. भाताचें प्रमाण बाजरीस लावलें तर गांठी बियांबरोबर तळाशीं बसतील व रोग पेरला जाईल. खडेमीठ ओलसर असलें तर दोन किलोंत पाणीच कांहीं भरतें, तें वेगळें. वर तरंगलेला भाग काढून नष्ट करावा, आणि तळचें बीं दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत वाळवावें.

अंड्याचेंच सुधारलेलें रूप म्हणजे हायड्रॉमीटर. कांचेची पोकळ नळी, खालीं वजन, वर आंकडे. जड द्रावणांत ती कमी बुडते, हलक्यांत अधिक. १७६८ सालीं फ्रान्समधील बोमे नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें नळीवर अंश आंखले: शुद्ध पाण्यांत शून्य व शेंकडा १५ मिठाच्या पाण्यांत पंधरा. चुना व गंधक उकळून केलेलें औषध आजही या अंशांनीं विकलें जातें, आणि येथें एक ठराविक चूक होते. ३२ अंशांचें औषध ५ अंशांवर आणावयाचें म्हणून लोक ३२ ला ५ नें भागतात व एक वजा करून एका भागास सुमारें साडेपांच भाग पाणी घालतात. परंतु बोमेचे अंश तीव्रतेच्या समप्रमाणांत चालत नाहींत. ३२ अंश म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.२८३ व ५ अंश म्हणजे १.०३६. पाण्याहून जेवढें अधिक तेवढेंच घेऊन भागाकार करावा: २८३ ला ३६ नें भागून एक वजा केल्यास सुमारें सात. म्हणजे एका भागास सात भाग पाणी हवें होतें; साडेपांच घातल्यानें फवारा पंचवीस टक्क्यांच्या आसपास तीव्र झाला.

हायड्रॉमीटर मोजतो तो जडपणा. तो जडपणा कशामुळें आला, हें त्यास कळत नाहीं. याचा अनुभव आपणांपैकीं दूध विकणाऱ्यांस व घेणाऱ्यांस चांगलाच असेल. शुद्ध दुधाचें विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२८ ते १.०३२ असतें. पाणी घातलें तर तें उतरतें व लॅक्टोमीटर चोरी पकडतो. परंतु साय हलकी असते. ती काढून घेतली तर दूध उलट जड होतें. लबाड माणूस आधीं साय काढतो व मग बेतानें पाणी घालतो. लॅक्टोमीटर पहिल्याच खुणेवर येऊन उभा राहतो आणि गिऱ्हाईक दोन्हीकडून लुबाडलें जातें. म्हणूनच संकलन केंद्रांवर स्निग्धांशाची परीक्षा वेगळी घेतात. उष्णमानाचाही विचार हवा. ऊन झालेलें द्रव पसरतें व हलकें होतें. गुऱ्हाळावरच्या काहिलींतील गरम रसांत नळी सोडली तर ती रसाच्या खऱ्या तीव्रतेहून कमी दाखवील. कोणत्या उष्णमानास नळी आंखली आहे तें तिच्यावर लिहिलेलें असतें.

उसाच्या रसासाठीं आतां हातांत धरून पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर पुष्कळांकडे आहे. रसाचे दोन थेंब, उजेडाकडे दुर्बिणीसारखें धरणें, आणि आंकडा वाचणें. तो प्रकाशाचें वांकणें मोजतो. त्यावरील ब्रिक्सचा अंश शुद्ध साखरेच्या द्रावणावर बसविला आहे. रसांत क्षार असले तर तेही साखर म्हणूनच मोजले जातात. उसाच्या शेंड्याचें व बुडख्याचें ब्रिक्स जवळजवळ सारखें येऊं लागलें म्हणजे ऊस पक्व झाला असें समजण्यास हरकत नाहीं. पण चोपण जमिनींतील उसाचें ब्रिक्स चांगलें येऊनही गूळ खारट व मऊ निघतो, याचें कारण वरील वाक्यांत आहे.

ठिबकाच्या टांकीवर व विहिरीच्या पाण्यासाठीं वापरतात तो विद्युतवाहकतेचा मापक, ज्यास इ. सी. मीटर म्हणतात. शुद्ध पाण्यांतून वीज जवळजवळ वाहत नाहीं. त्यांत क्षार विरघळले कीं वाहूं लागते. परंतु साखर व युरिया यांच्या द्रावणांतून ती वाहत नाहीं. टांकींत पोटॅशियम नायट्रेट घातलें तर कांटा लगेच चढेल. युरिया कितीही घातला तरी तो जवळपास जागचा हलणार नाहीं. हें न जाणतां कोणी कांटा चढेपर्यंत युरिया घालीत बसला तर मुळ्यांची काय अवस्था होईल तें सांगावयास नको. युरियाचें द्रावण तोलूनच करावें. विहिरीच्या पाण्यास मात्र हा मापक उत्तम आहे. अमेरिकेंतील रिव्हरसाइड येथील क्षारभूमि प्रयोगशाळेनें १९५४ सालीं जी वर्गवारी प्रसिद्ध केली तींत मीटरमागें पाव डेसीसीमेनपर्यंतचें पाणी कमी क्षारांचें, पाऊणपर्यंतचें मध्यम, सव्वादोनपर्यंतचें अधिक व त्यापुढचें फार अधिक क्षारांचें धरलें आहे. एक डेसीसीमेन म्हणजे ठोकळ मानानें लिटरमागें ६४० मिलिग्रॅम क्षार. पण ते क्षार सोडियमचे कीं कॅल्शियमचे, हें मीटर बोलत नाहीं. आणि जमीन चोपण होणें न होणें तर बरेंचसें त्यावरच ठरतें. नीरा व प्रवरा कालव्यांखालील ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी बिघडल्या आहेत त्यांनीं केवळ मीटरच्या आंकड्यावर समाधान मानूं नये. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेस पाठवून सोडियम व बायकार्बोनेट निराळे मोजून घ्यावेत.

बायकार्बोनेट प्रयोगशाळेंत ज्या रीतीनें मोजतात ती रीत शेतकऱ्यास स्वतःही थोडक्यांत करतां येते. जी. ए. सारखीं कांहीं औषधें क्षारयुक्त पाण्यांत नीट गुण देत नाहींत, म्हणून पाणी किंचित आंबट करून घ्यावें लागतें. पण आम्ल किती घालावें हें प्रत्येक विहिरीस वेगळें. दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, पाण्यांत विरघळवून एक लिटर करावें. दुसऱ्या भांड्यांत बरोबर एक लिटर विहिरीचें पाणी घेऊन त्यांत हें आंबट पाणी पांच-पांच मिलिलिटर घालावें, दर वेळीं ढवळावें व सामू पाहण्याचा कागद बुडवावा. कागदाचा रंग सहाच्या खुणेशीं जुळला कीं थांबावें. समजा चाळीस मिलिलिटर लागले. त्यांत लिंबूसत्त्व चार दशांश ग्रॅम, म्हणून शंभर लिटरांस चाळीस ग्रॅम. पावसाळ्यानंतर विहिरीचें पाणी बदलतें, तेव्हां ही परीक्षा पुन्हा करावी. बोर्डो मिश्रणाच्या पाण्यांत मात्र आम्ल चुकूनही घालूं नये. चुन्यानें बांधलेलें तांबें त्यानें पुन्हा मोकळें होतें, आणि चाकूच्या पात्यावर तें तत्काळ दिसेल.